तंदुरुस्तीसाठी सायकल आणि मदतनिधीसाठी सायकलफेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकृती सुधारावी म्हणून सायकल हाती घेणारे आणि एखाद्या संस्थेला निधी मिळवून देण्यासाठी लांबच्या सायकलफेरीत नाव नोंदवणारे, हे पुष्कळदा एकच लोक असतात; या दोन गोष्टींमध्ये किती महिने जावेत, याचा अंदाज मात्र बहुतेकांचा चुकतो. अशा नवशिक्यांकडून वारंवार येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. निधीसाठीच्या सायकलफेरीला सोयीसाठी पुढे ‘मदतफेरी’ म्हटले आहे.

अनेक वर्षांत व्यायाम केलेला नाही. पन्नाशीच्या आसपास सायकल सुरू केली तर चालेल का?

चालेल, आणि या वयात सुरुवात करण्यासाठी सायकल हा धावण्यापेक्षा सौम्य व्यायाम आहे. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार घोटे, गुडघे आणि खुब्यांवर आदळतो. सायकलवर त्यातला बराचसा भार सीट पेलते आणि पाय गोलाकार फिरत असल्याने सांध्यांना हादरे बसत नाहीत. दम लागला की पाय थांबवावेत, सायकल आपली आपण थोडे अंतर पुढे जाते. ही सवलत फार थोड्या व्यायामांत मिळते.

मात्र ज्यांना हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा ज्यांना श्रम करताना छातीत दुखते, चक्कर येते अथवा श्रमांच्या मानाने फार धाप लागते, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर दीर्घ व्यायामाच्या वेळी तर उतरतेच, पण कित्येक तासांनंतर, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते; म्हणून औषधाची मात्रा आणि खाण्याच्या वेळा यांचा मेळ डॉक्टरांकडून बसवून घ्यावा आणि साखरेची पुडी कायम खिशात ठेवावी. सायकल चालवताना छातीवर दाब आला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर घरापर्यंत पोहोचण्याचा हट्ट न धरता तेथेच थांबून मदत मागवावी.

आठवड्यातून किती वेळ सायकल चालवावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस एरोबिक व्यायाम करावा, आणि त्याखेरीज किमान २ दिवस मोठ्या स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. मध्यम व्यायाम ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की तो मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की जोरकस.

हा १५० चा आकडा पहिल्याच आठवड्यात गाठायचा नसतो. सुरुवातीला २० मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि त्यांच्यामध्ये एकेक दिवस विश्रांती एवढे पुरे आहे. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत ५ मिनिटांची भर घातली, तर सातव्या आठवड्यात ५० मिनिटांच्या तीन फेऱ्या, म्हणजे बरोबर १५० मिनिटे होतात. वाढ याहून मंद ठेवली तरी काही बिघडत नाही. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत नव्या श्रमांना सरावतात, पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा त्यांच्या बऱ्याच मागे राहतात. ‘आता मला दमच लागत नाही’ या आनंदात अंतर दुप्पट करणाऱ्यांचे गुडघे नेमके याच काळात कुरकुरू लागतात.

वेग किती असावा?

पहिले तीन महिने वेगाकडे पाहू नये, घड्याळाकडे पाहावे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडून काढण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर केवळ हवा कापण्यासाठी आठपट शक्ती खर्चावी लागते. त्यामुळे समोरून वारा असलेल्या दिवशी तोच माणूस, तीच सायकल आणि तोच रस्ता असूनही वेग बराच घसरतो. तो आकडा पाहून आपली प्रगती खुंटली असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे झालेले नसते.

हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ असल्यास ते उपयोगी पडते. कमाल ठोक्यांचा अंदाज म्हणून २२० मधून वय वजा करण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करणारे सूत्र वाढत्या वयासाठी अधिक जवळचे मानले जाते. पन्नाशीच्या माणसासाठी पहिले सूत्र १७० सांगते, दुसरे १७३. दोन्ही केवळ सरासऱ्या आहेत आणि एखाद्याचा खरा आकडा त्यांपासून दहा-बारा ठोक्यांनी सहज दूर असू शकतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात, तेव्हा त्यांनी हे गणित बाजूला ठेवून वरच्या बोलण्या-गाण्याच्या कसोटीवरच विसंबावे.

सायकलने वजन किती उतरते?

अपेक्षेपेक्षा हळू उतरते, आणि हे आधीच माहीत असलेले बरे. ७० किलो वजनाच्या व्यक्तीने ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने एक तास सायकल चालवली, तर सुमारे ४७५ किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या ७० च्या आसपास तर नुसते बसूनही खर्च झाल्या असत्या. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. आठवड्याला अशा तीन तासांच्या हिशेबाने, आहारात कसलीही वाढ न होता, एक किलो उतरायला सहा आठवड्यांहून थोडा अधिक काळ लागतो. ‘आहारात वाढ न होता’ ही अट अवघड आहे, कारण फेरीनंतर भूक सपाटून लागते आणि ‘आज सायकल चालवली आहे’ हे कारण ताटात दुसऱ्यांदा वाढून घ्यायला फार सोयीचे असते.

काट्यावर न दिसणारे फायदे मात्र लवकर जाणवतात. विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके कमी होतात, झोप सुधारते, रक्तदाब आणि रक्तातील साखर यांवर अनुकूल परिणाम होतो, आणि जिना चढताना मध्येच थांबावे लागत नाही. प्रगती मोजायची असेल तर महिन्यातून एकदा तोच चढ चढावा आणि वर पोहोचल्यावर नाडी मोजावी.

कोणती सायकल घ्यावी?

जी आपल्या मापाची आहे ती. सांगाड्याचे माप चुकले तर महागडी आणि हलकी सायकलही त्रासच देते. डांबरी आणि थोड्या खराब अशा दोन्ही रस्त्यांसाठी सरळ हँडलची हायब्रिड सायकल नवशिक्याला बहुधा सर्वांत सोयीची पडते. खाली वळलेल्या हँडलची रोड बाइक लांब अंतरासाठी वेगवान, पण वाकून बसायला लावणारी. आणि जाड टायरची, सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक गुळगुळीत रस्त्यावर विनाकारण जास्त कष्ट देते. घरात पडून असलेली जुनी सायकल दुरुस्त करून तीन महिने चालवावी आणि मग काय घ्यायचे ते ठरवावे, हा सल्ला दुकानदारांना आवडत नसला तरी योग्य आहे.

विजेची मदत घेणारी सायकल म्हणजे फसवणूक, असे समजू नये. पायडल मारल्यावरच मोटर साथ देते अशा सायकलवरही ठोके वाढतात, आणि चढाच्या धास्तीने सायकलच न काढणाऱ्यासाठी ती उपयोगाची आहे. मदतफेरीत ती चालते की नाही, हे मात्र नियमांत पाहून घ्यावे.

सीटची उंची कशी ठरवावी?

या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने जितके लोक सायकल सोडतात, तितके आळसानेही सोडत नसतील. बहुतेक नवशिके सीट फार खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले की सुरक्षित वाटते. पण तशा उंचीवर गुडघा कधीच पुरेसा सरळ होत नाही, दर फेऱ्याला वाटीच्या मागे दाब येतो आणि काही दिवसांत गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते.

साधी रीत अशी आहे. भिंतीला धरून सीटवर बसावे, पायडल सर्वांत खालच्या स्थितीत आणावे आणि त्यावर टाच ठेवावी; या वेळी पाय सरळ व्हायला हवा. मग प्रत्यक्ष चालवताना पायाचा पुढचा रुंद भाग पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. मोजायचा झाल्यास हा बाक सुमारे २५ ते ३५ अंशांचा असावा. मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डोलताना दिसली, किंवा गुडघ्याच्या मागच्या बाजूला ताण जाणवला, तर सीट वाजवीपेक्षा वर गेली आहे. बदल एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त करू नये आणि दोन-तीन फेऱ्या चालवून मगच पुढचा करावा. सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण कोरलेली असते. ती सांगाड्याच्या बाहेर दिसता कामा नये. थांबल्यावर आता फक्त चवडे टेकतात अशी तक्रार आली, तर उत्तर असे की थांबताना सीटवरून पुढे उतरून उभे राहायचे असते. ही सवय दोन दिवसांत लागते.

बसायला दुखते आणि हाताला मुंग्या येतात. काय करावे?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बसण्याच्या हाडांना दुखणे हे सर्वांनाच होते आणि ते सरावाने जाते. जाड, मऊ, गादीसारखी सीट हा त्यावरचा इलाज वाटतो, पण लांबच्या फेरीत शरीर तिच्यात रुतते आणि हाडांवर यायचा भार मधल्या नाजूक भागावर येतो. त्यापेक्षा बसण्याच्या हाडांच्या रुंदीला साजेशी, बेताची टणक सीट आणि आतून अस्तराची गादी असलेली सायकलची चड्डी अधिक उपयोगाची. ही चड्डी आतल्या कपड्याशिवाय घालायची असते, कारण त्या कपड्याच्या शिवणीच कातडी सोलतात, आणि प्रत्येक फेरीनंतर ती धुवायची असते. दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पायडलवर उभे राहिल्याने रक्तप्रवाह मोकळा होतो. जांघेच्या भागात बधिरपणा येत असेल तर तो सोसू नये. सीटचा कोन आणि उंची तपासावी आणि तरीही राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

करंगळी आणि अनामिका यांना मुंग्या येणे म्हणजे तळहाताच्या त्या बाजूच्या नसेवर हँडलचा दाब पडत असल्याची खूण आहे. हँडल थोडे वर घ्यावे, कोपरे किंचित वाकलेली ठेवावीत, आणि हातांची जागा बदलत राहावी.

गिअर कसे वापरावेत?

जड गिअरवर संथ, जोरात पाय मारणे मर्दुमकीचे वाटते, पण ते गुडघे आणि मांड्या लवकर थकवते. अनुभवी स्वार मिनिटाला साधारण ८० ते ९० फेरे मारतात; नवशिक्याने ६० ते ७० पासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करावा, कारण चेनवर पूर्ण जोर असताना बदललेला गिअर कडकडतो आणि कधी चेन उतरतेही. पुढचे सर्वांत मोठे आणि मागचेही सर्वांत मोठे चक्र एकत्र वापरू नये. चेन तिरपी पडून झिजते.

रस्त्यावरील वाहनांची भीती वाटते. ती कशी कमी करावी?

भीती निराधार नाही, म्हणून ती पूर्ण घालवण्याचा प्रयत्न करू नये. तिला सवयींमध्ये रूपांतरित करावे. दिसणे हे पहिले काम : पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा, आणि अंगावर परावर्तक पट्टी असावी. हेल्मेट कपाळ झाकेल असे, भुवयांच्या दोन बोटे वर आणि पट्टा हनुवटीखाली घट्ट, असे असावे. डोक्याच्या मागे कललेल्या हेल्मेटचा उपयोग केवळ छायाचित्रापुरता.

रस्त्याच्या अगदी काठाला चिकटून चालवणे सुरक्षित वाटते, पण तेथेच खडी, काचा आणि गटारांच्या जाळ्या असतात आणि मागच्या वाहनाला फटीतून पुढे घुसण्याचा मोह होतो. काठापासून हातभर आत, सरळ रेषेत चालवावे. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून दार उघडण्याइतके अंतर ठेवावे. वळण्यापूर्वी मागे पाहावे, हात दाखवावा, मग वळावे. ट्रक आणि बस यांच्या बाजूला, विशेषतः ते वळण्याच्या बेतात असताना, कधीही उभे राहू नये. चालकाला आरशात तेवढा भाग दिसतच नाही. पुढे जाण्याची घाई असली तरी मागे थांबावे. ब्रेक दोन्ही एकदम लावावेत : थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तो एकटाच झटक्यात दाबला तर मागचे चाक उचलले जाते. ओल्या रस्त्यावर ब्रेक लवकर आणि हलके लावावेत.

सायकलची निगा स्वतः राखता येते का?

बहुतेक येते. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि चेन या तीन गोष्टी तपासायला एक मिनिट पुरते. रबरी ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतच असते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी पंप लावावा. किती दाब हवा त्याची कमाल मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा थेंब सोडावा आणि जादा तेल पुन्हा पुसून घ्यावे, कारण चेनला वंगण आत लागते, बाहेर राहिलेले फक्त धूळ गोळा करते.

पंक्चर काढायला घरीच शिकावे. जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप एवढे सोबत असले की पुरे. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून काटा किंवा तार शोधावी. ही पायरी गाळल्याने एकाच सकाळी दोन ट्यूब गमावण्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या पदरी आहे.

मदतफेरी म्हणजे नेमके काय, आणि ही पद्धत कधीपासून आहे?

स्वार ठराविक अंतर पार करण्याचा संकल्प करतो, आणि ओळखीचे लोक त्या निमित्ताने एखाद्या संस्थेला देणगी देतात, हे तिचे मूळ रूप. काही ठिकाणी दर किलोमीटरमागे रक्कम ठरते, काही ठिकाणी एकरकमी. १९८० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार यांनी ३६ स्वारांसह पॅन-मास चॅलेंज सुरू केले; त्या वर्षी कर्करोगावर काम करणाऱ्या डेना-फार्बर संस्थेसाठी १०,२०० डॉलर जमले, आणि ही फेरी आजही होते. इंग्लंडमधील लंडन ते ब्रायटन ही ५४ मैलांची, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटरची फेरी हृदयविकारावरील संशोधनासाठी निधी जमवते. शेवटाकडे येणारा डिचलिंग बीकनचा चढ अनेक जण सायकल हातात धरून पायीच चढतात आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस या ५४५ मैलांच्या एड्स/लाइफसायकल फेरीला सात दिवस लागत. ती २०२५ साली शेवटची झाली.

या मोठ्या नावांमुळे बिचकू नये. पाच मित्रांनी मिळून ४० किलोमीटरची फेरी काढली आणि शेजारच्या वाचनालयासाठी पैसे जमवले, तरी ती मदतफेरीच.

नाव केव्हा नोंदवावे?

सलग आठ आठवडे, कोणी मागे न लागता, सायकल बाहेर काढून झाल्यावर. याबाबत मतभेद आहेत. काहींच्या मते तारीख आणि लोकांना दिलेला शब्द हाच सकाळी अंथरुणातून उठवतो, म्हणून आधी नोंदणी करावी. शब्दाचा दोर बळकट असतो हे खरे, पण तो पहिल्याच महिन्यात गळ्यात बांधून घेतलेल्यांना दुखऱ्या गुडघ्याने सराव ओढावा लागतो, कारण देणगीदारांना ‘थांबतो’ कसे सांगायचे हा संकोच असतो. आधी सवय, मग संकल्प, हा क्रम शरीराला मानवतो.

शंभर किलोमीटरच्या फेरीची तयारी कशी करावी?

आठवड्याला १५० मिनिटे आरामात जमत असतील, तर आणखी १२ आठवडे पुरतात. आठवड्यात दोन छोट्या फेऱ्या, त्यांपैकी एकीत चढ किंवा काही मिनिटांचे जोरकस टप्पे, आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब, संथ फेरी. ही लांब फेरी ३० किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला पाच-सहा किलोमीटरने वाढवावी, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावी, कारण ताकद सरावात वाढत नाही, सरावानंतरच्या विश्रांतीत वाढते. मुख्य फेरीच्या ७० ते ८० टक्के अंतर एकदा पार झाले की शंभर होतात; उरलेले अंतर सोबतीच्या आणि त्या दिवसाच्या उत्साहाच्या जोरावर निघते. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. त्या आठवड्यात नवी सीट, नवे बूट, नवे खाणे, यांतले काहीही करून पाहू नये.

सायकल हाडांवर फारसा भार टाकत नाही, त्यामुळे केवळ सायकलने हाडांची घनता वाढत नाही. उठाबशा, पायऱ्या चढणे, वजन उचलणे यांपैकी काही आठवड्यातून दोनदा जोडीला असावे.

लांब फेरीत खाणे-पिणे कसे ठेवावे?

तासाभराच्या फेरीला पाणी पुरते. दोन तासांच्या पुढे मात्र शरीरातील साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपत येते आणि न खाल्ल्यास पाय अचानक शिशाचे होतात, डोके गरगरते, विनाकारण चिडचिड होते. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून थोडे थोडे खात राहावे, ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे. आपल्याला सरावात पचलेला कोणताही सुटसुटीत गोड पदार्थ चालतो.

पाण्याबाबत तहान हा चांगला मार्गदर्शक आहे. उन्हात घाम फार येत असेल तर पाण्यात मीठ-साखर घालावी. तहान नसताना तासन्‌तास नुसते पाणी पीत राहणेही धोक्याचे, कारण रक्तातील सोडियम त्याने पातळ होते. फेरीच्या शेवटी वजन निघतानापेक्षा जास्त भरले तर पाणी प्रमाणाबाहेर प्यायले गेले असे समजावे.

गटात चालवताना काय पाळावे?

पुढच्या स्वाराच्या आडोशाने सुमारे पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात, म्हणून सगळे एकमेकांच्या मागे सरकतात. नवशिक्याने मात्र एका सायकलीइतके अंतर सोडावे आणि पुढच्याच्या चाकाकडे न पाहता त्याच्या खांद्यावरून दूरवर पाहावे. अचानक ब्रेक लावू नये. खड्डा दिसला की हाताने दाखवावा आणि ओरडून सांगावे. मागच्याला तो दिसत नसतो.

लोकांकडे पैसे मागायला संकोच वाटतो. कसे मागावे?

चढ चढणे सोपे आणि देणगी मागणे अवघड, असे सांगणारेच जास्त भेटतात. पण निधी पायडल मारल्याने जमत नाही, मागितल्याने जमतो. उत्तम सराव केलेला आणि कोणालाच न विचारलेला स्वार संस्थेला काहीच देऊ शकत नाही. म्हणून सरावाइतकाच वेळ या कामासाठीही वेगळा काढावा.

सुरुवात स्वतःच्या देणगीने करावी, मग अगदी जवळच्या माणसांना प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून विचारावे. शंभर जणांच्या गटावर टाकलेला एक संदेश प्रत्येकाला दुसऱ्यासाठी आलेला वाटतो; तेच शब्द एकेकाला नावानिशी लिहिले तर उत्तर येते. संदेशात चार गोष्टी हव्यात : संस्था कोणते काम करते, आपण हीच संस्था का निवडली, फेरी कधी व किती अंतराची आहे, आणि पैसे नेमके कोठे भरायचे. कारण खरे आणि स्वतःचे असावे. मदत घेणाऱ्या रुग्णाचे किंवा मुलाचे छायाचित्र त्यांच्या संमतीशिवाय वापरू नये, आणि संमती असली तरी त्यांना दीनवाणे करून दाखवू नये.

एकदा विचारणे, दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण देणे, आणि फेरीच्या आदल्या दिवशी शेवटचे सांगणे, इतके पुरे. जो देत नाही त्याच्याशी आपले वागणे तसूभरही बदलू नये. त्याच्या अडचणी आपल्याला ठाऊक नसतात. हाताखालच्या कर्मचाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला तर विचारूच नये, कारण त्याला नाही म्हणता येत नाही.

संस्था विश्वासार्ह आहे हे कसे ओळखावे?

तिची कायदेशीर नोंदणी आहे का, लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध होतात का, आणि गेल्या वर्षीच्या पैशांतून काय झाले हे ती ठोस शब्दांत सांगते का, हे पाहावे. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जावी आणि पावती संस्थेनेच द्यावी. स्वतःच्या खात्यावर पैसे गोळा करणे हेतू शुद्ध असला तरी टाळावे. संस्थेच्या नावाने फेरी काढण्यापूर्वी तिची लेखी परवानगी घ्यावी.

फेरीचा खर्च जमलेल्या निधीतून करावा का?

या प्रश्नावर स्पष्ट भूमिका घेणे आवश्यक आहे : स्वतःच्या प्रवासाचा, राहण्याचा आणि सायकलीचा खर्च स्वाराने स्वतः करावा. निसर्गरम्य प्रदेशात आठ दिवसांची फेरी आणि तिचा बराचसा खर्च देणग्यांतून, अशी योजना असेल तर देणगीदार नकळत कोणाच्या तरी सहलीला हातभार लावत असतो. आयोजनाला खर्च येतो, रुग्णवाहिका, पाण्याची ठिकाणे, विमा हे फुकट होत नाही, हे मान्यच आहे. पण तो नोंदणी शुल्कातून आणि प्रायोजकांकडून भागवता येतो. काही भाग निधीतून जाणारच असेल तर तो किती, हे पैसे मागतानाच सांगावे.

मग सरळ देणगीच का देऊ नये? सायकल कशाला?

प्रश्न रास्त आहे. ज्याला केवळ पैसे द्यायचे आहेत आणि सायकलची आवड नाही, त्याने सरळ द्यावेत; संस्थेला दर महिन्याची ठरलेली छोटी रक्कम एकदाच्या मोठ्या रकमेपेक्षा नियोजनाला अधिक सोयीची असते. मदतफेरीचा उपयोग तेव्हा, जेव्हा स्वार एकटा देऊ शकेल त्याच्या कितीतरी पट रक्कम इतरांकडून येते, आणि ज्यांनी त्या कामाविषयी कधी ऐकले नव्हते अशा वीस-तीस घरांत त्याचा विषय निघतो. यांपैकी काहीच घडणार नसेल तर फेरी तब्येतीसाठी काढावी आणि तिला तेच नाव द्यावे.

फेरी पूर्ण झाली नाही तर पैसे परत करावे लागतात का?

दर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम असेल तर झालेल्या अंतराचा हिशेब प्रामाणिकपणे सांगावा. एकरकमी देणगी संस्थेला दिलेली असते. ती सहसा परत होत नाही आणि देणगीदार मागतही नाहीत. गुडघा दुखावला, वादळ आले, सायकल मोडली, तर मागच्या गाडीत बसावे. त्याच संध्याकाळी सर्वांना खरे काय घडले ते कळवावे, आणि एकूण किती रक्कम जमली व ती संस्थेकडे कधी पोहोचली, हे नंतरच्या आठवड्यात पावतीसह पाठवावे. फेरी पूर्ण झाली तरी हे पत्र पाठवायचेच असते. पुष्कळ जण फेरीनंतरच्या थकव्यात नेमके तेच विसरतात, म्हणून त्याचा मसुदा निघण्याच्या आदल्या रात्रीच लिहून ठेवावा.